पाच साईड ट्रिपा ठरवल्या, अडीच झाल्या : सोयगाव–वेताळवाडी–जंजाळा लूपचं प्रकरण

आधीच सांगतो, ही ट्रेकची गोष्ट नाहीये. सूर्योदय, धुकं, चुलीवरचा चहा हे सगळं झालं, मस्त झालं, पण ते इथं लिहिणार नाही. हे प्रकरण म्हणून लिहितोय, कारण घोळ पायांत नव्हता, प्लॅनमध्ये होता, आणि प्लॅन माझा होता.

आम्ही सहा जण. मी, ताई, दाजी, माझा भाचा, एक मित्र मूळचा परभणीचा आणि एक लातूरचा. राहतो सगळे संभाजीनगरात. हरिश्चंद्रगड, कळसूबाई वगैरे करून झालेलं, पण दरवेळी अर्धा दिवस गाडीत घालवायचा आणि येताना परत तेच, तर ताई म्हणली आपल्या घरामागं एवढे डोंगर असताना कामून तिकडं पळायचं. बरोबर होतं तिचं. अजिंठ्याची रांग आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि ट्रेकवाल्यांची गर्दी म्हणाल तर नाहीच.

पहिला विचार गौताळ्याचा होता, कन्नडकडून पितळखोरा करून खाली पाटणादेवीला उतरायचं वगैरे. पण ते अभयारण्य, रात्री मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि करूही नये. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ तीनशेहून जास्त किलोमीटर चालत तिथं येऊन राहिला होता, त्याला परवानगी लागली नाही ही गोष्ट वेगळी. आम्ही पूर्वेकडं सरकलो, सोयगाव तालुक्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जागा नीट सांगतो. सोयगाव आहे आपल्याच जिल्ह्यात पण घाटाखाली, खानदेशच्या अंगाला. सिल्लोडकडून आलं की पठार संपतं आणि हळदा घाटानं रस्ता खाली कोसळतो, त्या घाटाच्या डोक्यावरच वेताळवाडीचा किल्ला. पठाराच्या कडेकडेनं पश्चिमेला गेलं की जंजाळा गाव, त्याला लागूनच वैशागड, आणि वैशागडावरून खाली उतरलं की जरंडी. जरंडीहून डांबरी रस्त्यानं परत सोयगाव. म्हणजे खालून वर, वरून आडवं, परत खाली. लूप देखणा आहे, नकाशावर बघितलं की कुणालाही मोह होईल.

मुख्य लूपला तीन दिवस पुरतात. आम्ही चार घेतले, गुरुवार ते रविवार, डिसेंबरात. खरं तर आधी शुक्रवार ते सोमवार ठरलं होतं आणि शेवटच्या दिवशी अजिंठा लेणी ठेवली होती, ताईनं विचारलं सोमवारी लेणी चालू असतात का, तर अजिंठा सोमवारी बंद असतं (वेरूळ मंगळवारी). एवढा मोठा प्लॅन, रंगीत एक्सेल शीट, आणि त्यात ही गोष्ट मी बघितलीच नव्हती. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

तर चौथा दिवस जास्तीचा मिळाला म्हणून मी हावरटासारख्या साईड ट्रिपा भरल्या. रुद्रेश्वरचं लेणं, मुर्डेश्वरचं मंदिर, घटोत्कच लेणं, सुतोंडा किल्ला, अजिंठा. पाच. प्रत्येकीसमोर किलोमीटर लिहिले, चढ लिहिला आणि नाईस्मिथचा नियम लावला. हा १८९२ सालचा एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा नियम आहे, सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. नियम चांगलाय. फक्त तो एका तगड्या माणसाचा, थंड देशातला आहे, त्यात सहा जणांचं "जरा थांबा रे, बुटात खडा गेला" बसत नाही.

पहिला दिवस. सिल्लोडच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली, स्टेपनीत हवा नव्हती. सोयगावात नऊला पोचायचं ते साडेअकराला पोचलो. वेताळवाडी गावात दीड. प्लॅननुसार दुपारी रुद्रेश्वर. हे डोंगराच्या पोटातलं लेणं आहे, महादेवाचं ठिकाण, पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो. शीटमध्ये जायला एक तास, यायला एक तास. दोन तास उशीर झालाय तर रुद्रेश्वर उद्यावर टाकू की जाऊच नको, ह्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. शीटमध्ये होतं ना, मग निघालो. आणि सॅक? सॅक कुठं ठेवायच्या हे ठरलंच नव्हतं. गावात मुक्काम कुणाकडं करायचा हे संध्याकाळी बघू असं होतं, त्यामुळं बारा-बारा किलोची धुडं पाठीवर घेऊन आम्ही देवदर्शनाला निघालो.

जाताना एक तास पन्नास मिनिटं लागली. म्हणजे दोघांना लागली. बाकी चौघं वाटेत एका आंब्याखाली बसले, त्यांचं म्हणणं आम्ही इथून नमस्कार करतो. भाचा आणि परभणीकर जाऊन आले तेव्हा सव्वापाच झालेले, आणि डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य गेलेला असतो. बॅटरीच्या उजेडात, काट्याकुट्यात, धरणाच्या कडेनं परत आलो. ह्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, आणि बोलायला विषय नव्हता. पाचातली ही पहिली ट्रिप मी अर्धी धरतो.

पण खरी गोम त्या रात्रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी निघायचं सातला, ते निघालो पावणेनऊला, कारण रात्री जेवण साडेदहाला झालं आणि पाय दुखत होते. रुद्रेश्वरची किंमत आम्ही गुरुवारी भरलीच नाही, ती शुक्रवारच्या थंड सकाळीतून कापली गेली. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर शीटसमोर बसल्यावर कळलं.

शुक्रवारी किल्ला. वेताळवाडीचा किल्ला ह्या भागातला सगळ्यात धडधाकट असावा असं माझं मत, तटबंदी, बुरूज, दोन दरवाजे, एक गावाकडचा तो वेताळवाडी दरवाजा आणि दुसरा घाटाकडचा, त्याला जंजाळा दरवाजा म्हणतात. (हे दरवाज्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.) गावाकडून चढून आलो, पाणी संपत आलेलं, किल्ल्यावर भरू असं शीटमध्ये होतं. ती माहिती मी पावसाळ्यात गेलेल्या एकाकडून घेतली होती. डिसेंबरात पाणी होतं, पण हिरवंगार, वर शेवाळाची साय. फिल्टर होता, तो सहा जणांना तीन-तीन लिटर गाळून देईपर्यंत शनिवार उजाडला असता. पाचेक लिटर कसंबसं काढलं.

आणि मग एक साईड ट्रिप झाली जी शीटमध्ये नव्हतीच. जंजाळा दरवाज्याशी सॅक टेकवल्या आणि लातूरकर म्हणला किल्ल्याच्या पार टोकाला ती बारादरी आहे, दोन कमानी आहेत, पाच मिनिटांत बघून येऊ. मला आता "पाच मिनिटांत" हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. गेलो सगळे. कमानीतून खाली सोयगावकडचा सगळा मुलूख दिसतो, वारा असा की टोपी धरून ठेवावी लागते, जागा खरंच सुंदर आहे, वाद नाही. पन्नास मिनिटांनी परत आलो तर भाच्याच्या सॅकवर वानर बसलेलं.

बसलेलं म्हणजे निवांत. चेन उघडता येत नाही तर त्यानं कापड फाडलं नव्हतं, वरच्या कप्प्याची चेन जिथं शिवलेली असते ती शिवण दातानं उसवली होती, व्यवस्थित, शिंपी उसवतो तशी. आत ताईनं केलेले धपाटे, तीन दिवस टिकावेत म्हणून तेल जरा जास्त घालून, वर्तमानपत्रात आणि मग पंचात गुंडाळलेले. पंचा बाजूला टाकलेला, कागद बाजूला, आणि साहेब धपाटा दोन्ही हातांत धरून मधूनच खात होते, कडा टाकून. अजून चार-पाच जण तटावर आपला नंबर यायची वाट बघत होते. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मात्र त्यांनी हुंगून ठेवून दिली, तिखट होती. दाजी इतके हसले की ताई दोन तास बोलली नाही त्यांच्याशी.

हसण्यावारी गेलं पण हिशोब बघा. उशिरा निघणं, पाणी गाळणं, बारादरी, वानर, हे सगळं मिळून आम्ही घाटरस्त्यावर आलो तेव्हा एक वाजलेला, भर उन्हात पुढं पठार तुडवायचं, आणि दिवसभराचं मुख्य खाणं वानरांच्या पोटात. हळद्याला गावात हापशावर पाणी भरलं, दुकानातनं बिस्किटं-चिवडा घेतला. इथून मुर्डेश्वरला जायचं होतं, केळगावचं महादेवाचं जुनं मंदिर, गाडीनं जाऊन यायचं असं होतं. दाजींना तिथं जायचंच होतं, त्यांचा नवस वगैरे काही नाही पण एकदा ठरलं म्हणजे ठरलं असा स्वभाव. मी म्हणलं रद्द. ते म्हणले तुझ्या शीटमध्ये आहे. मी म्हणलं शीट चुकलंय. त्यावर ते म्हणले मग पुढचं बरोबर कशावरून, आणि ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पठारावरून बांधाबांधानं, वेचणी चाललेल्या कापसातून विचारत विचारत जंजाळ्यात पोचायला संध्याकाळचे साडेसहा झाले. एका घराच्या ओट्यावर आजी बसलेल्या, आम्हाला आपादमस्तक बघितलं आणि म्हणल्या, "एवढं ओझं घेऊन कामून फिरायलेत बाबा, घर नाही का तुम्हाला?" मग त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी, ठेचा, आणि ओट्यावरच पथारी. पैसे घेईनात, शेवटी त्यांच्या नातवाच्या हातात दिले.

शनिवारची सकाळ मात्र तशी गेली जशी अख्खी सहल जायला पाहिजे होती. सॅक आजींच्या ओट्यावर, पाठीवर फक्त पाण्याच्या बाटल्या आणि एका पिशवीत चिवडा, पावणेसातला निघालो, गावातला एक पोरगा बरोबर. घटोत्कच लेणं गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर, दरीत उतरून. नाव घटोत्कच असलं तरी लेणं बौद्ध आहे, वीस खांबांचा मोठा विहार, आत बुद्ध, आणि वटवाघळांचा वास नाकात बसतो तो दिवसभर जात नाही. इथं ब्राह्मीतला एक शिलालेख आहे, बराच झिजलाय. तो वराहदेवाच्या घराण्याचा, हा वराहदेव म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचव्या शतकातला. आणि अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं, तेही ह्याच वराहदेवानं दिलेलं. हे मी तिथं उभं राहून सांगितलं तर पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. साडेनऊला परत ओट्यावर. पाय ताजे, पाणी शिल्लक, भांडण नाही.

फरक काय होता? किलोमीटर बघितले तर रुद्रेश्वर आणि घटोत्कच ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक नाहीये. पण एक मुक्कामाच्या गावाला टांगलेली होती आणि सकाळची होती, दुसरी चालत्या दिवसाच्या शेपटाला बांधलेली. मुक्कामावरून निघालं की ओझं ठेवायला जागा असते, पाणी कुठं मिळणार ते आदल्या रात्रीच कळलेलं असतं, गावातलं कुणीतरी वाट जाणतं, आणि उशीर झाला तरी परत यायची जागा तीच असते. शिवाय जायची-यायची वाट एकच, त्यामुळं कुणी मागं राहिलं तरी समोरून भेटतंच. चालत्या दिवसात ह्यातलं काहीच नसतं, तिथं प्रत्येक साईड ट्रिप ही पुढच्या मुक्कामाच्या उजेडातून उसनी घेतलेली असते. मी शीटमध्ये अंतर, चढ, वेळ असे कॉलम केले होते. "ही ट्रिप कुठून सुटणार आणि तेव्हा सॅक कुठं असणार" असा कॉलमच नव्हता.

आता वाटेल की इथं शहाणपण आलं आणि पुढं सगळं गोड झालं. नाही.

त्याच दुपारी वैशागड. जंजाळ्याहून चढ असा नाहीच, गाव आणि गड एकाच पठारावर, आणि गड अवाढव्य पसरलेला, झाडी आणि वाळलेलं गवत कमरेएवढं. जरंडी दरवाज्यानं खाली उतरायचं होतं. सॅक अर्थातच पाठीवर, कारण इकडून गड ओलांडून पलीकडं जायचं. बारा वाजता दाजी, परभणीकर आणि भाचा म्हणले आम्ही तटाकडंनं फिरून येतो, तुम्ही बसा, दरवाज्यात भेटू. ठीक. मी म्हणलं दोनला दरवाज्यात.

कोणत्या दरवाज्यात, हे कुणीच बोललं नाही. माझ्या डोक्यात जरंडी दरवाजा, कारण तिथून उतरायचं. दाजींनी वाटेत एका गुराख्याला विचारलं दरवाजा कुठं, त्यानं विचारलं कोणता, वेताळवाडी का, आणि दाजी दोन दिवस वेताळवाडी-वेताळवाडी ऐकत होते तर म्हणले हा तोच. कारण वैशागडालाही वेताळवाडीच्या दिशेचा एक दरवाजा आहे आणि त्याचं नाव वेताळवाडी दरवाजा, जसं तिकडच्या किल्ल्याला जंजाळा दरवाजा. दोन किल्ल्यांनी एकमेकांची नावं दारावर लावून ठेवलीत, आणि आम्ही तिघं एका दारात, ते तिघं दुसऱ्या. मोबाईलला रेंज नाही. दोन ते पावणेचार आम्ही एकमेकांची वाट बघितली, मग मी उठून शोधायला निघालो, तर ते पण निघालेले, म्हणजे अजून थोडं चुकायचंच राहिलं होतं. लातूरकराच्या शिट्टीनं भेट झाली. सव्वाचार.

इथं मी एकच निर्णय बरोबर घेतला असं मला वाटतं, आणि तो घ्यायला जीवावर आलं. सव्वाचारला दीड तासाचा उजेड शिल्लक, उतार कुणीच आधी केलेला नाही, घसाऱ्यावर वाळलेलं गवत म्हणजे पाय कधी सटकेल सांगता येत नाही. भाचा म्हणे बॅटऱ्या आहेत की. बॅटऱ्या गुरुवारी पण होत्या. परत फिरलो, जंजाळ्यात, त्याच ओट्यावर. आजींनी काही विचारलं नाही, फक्त पोरीला म्हणल्या पीठ जास्त मळ.

रविवारी सकाळी साडेसहाला सुटून जरंडी दरवाज्यानं खाली, दोन तासांत गावात. उतार सोपा नव्हता, अंधारात तर एखाद्याचा पाय गेलाच असता. डांबरी रस्त्यानं चालत सोयगावला जायचं सोडून जीप केली, म्हणजे लूप पायी पूर्ण झालाच नाही, चार-पाच पुस्तकी लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

मग उरलेल्या दिवसात सुतोंडा की अजिंठा. सुतोंडा बनोटीकडं, डोंगर फोडून केलेली खिंड आणि पाण्याची टाकीच टाकी, दाजींचं मत सुतोंड्याला. पण तो म्हणजे चढून-उतरून पाच-सहा तासांचं काम आणि सुरुवातच दहाला झाली असती, उन्हात, थकलेल्या पायांनी. पुन्हा तेच रुद्रेश्वर. ताई म्हणली घटोत्कचचा तो मंत्री बघायचाय, त्याचं दुसरं लेणं. चार विरुद्ध दोन मतांनी अजिंठा. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली, तिथून पुढं बसनंच जावं लागतं, सॅक ड्रायव्हरच्या ताब्यात, आणि थेट १६ नंबर. पायऱ्यांच्या तोंडाशी दोन दगडी हत्ती. भिंतीवरचा लेख काचेसारखा स्पष्ट वगैरे नाही, पण काल सकाळी वटवाघळांच्या वासात उभं राहून ज्याचं नाव घेतलं तोच माणूस इथं, म्हटल्यावर परभणीकर सुद्धा पाच मिनिटं गप्प उभा राहिला. रविवारची गर्दी होती, रांगेत ढकलाढकली होती, तरी.

घरी येऊन शीट परत उघडलं. आमचेच टायमिंग लिहून काढले तर दिसलं की सहा जणांनी सॅक उतरवून पुन्हा पाठीवर घेतल्या की कारण काहीही असो, वीस मिनिटं गेलीच. शुक्रवारी आम्ही हे सात वेळा केलं. आता नव्या शीटमध्ये मुक्कामाचं गाव आधी लिहितो, मग त्या गावातून सकाळी काय होतंय तेवढंच, आणि एका मुक्कामाला एकच. वाटेतल्या "पाच मिनिटांच्या" जागांसाठी दिवसाला एक तास मोकळा सोडायचा, तो संपला की कमान असो की बारादरी, लांबूनच बघायची. पाण्याची माहिती कुणाकडून घेतली ह्यापेक्षा कोणत्या महिन्यातली हे लिहायचं. आणि भेटायची जागा सांगताना दरवाजा हा शब्द एकटा वापरायचा नाही, दाजींनी तर घरात पण बंद केलाय, "पुढच्या दरवाज्यात ये" असं पूर्ण सांगतात आता, ताईचं डोकं फिरतं.

भाच्यानं परवा ग्रुपवर टाकलंय, फेब्रुवारीत सुतोंडा करू, एका दिवसात होतोय, पहाटे चारला निघू. मी विचारलं आदल्या रात्री मुक्काम बनोटीत कुणाकडं? दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.